ताई, सरका

८ नोव्हेंबर

चि. धाकट्या जाऊबाईस,
अनेक आशीर्वाद.

मी इकडे माहेरी मजेत आहे. दादाच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते, दुपारी ताणून देते. डोकेदुखी थांबली. मामंजींना गोळ्या वेळेवर देत असशील. देतच असशील म्हणा, हल्ली ते पाणीसुद्धा तुझ्याच हातचं मागतात.

बघ, चार ओळी झाल्या नाहीत तोच टोमणा बाहेर पडला. आता बोलतेच. माझं डोकं कधी दुखतच नव्हतं. पोटात दुखत होतं, तुझं कौतुक ऐकून.

घरातली 'डॉक्टरीणबाई' मी. कारखान्यातली प्रथमोपचाराची पेटी माझ्या ताब्यात, सीपीआरचं प्रमाणपत्र हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं. तू जिमच्या काउंटरवर बसणारी. तुझा मालक तुला दर दोन वर्षांनी पुन्हा त्याच वर्गाला पाठवायचा, तेव्हा मी हसायचे, "मागच्या वेळी झोपली होतीस काय गं?" माझ्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली होती. कारखान्यातून पुन्हा वर्गाचं बोलावणं आलं तर म्हटलं, मला कोण काय शिकवणार! फ्रेम तेवढी दर रविवारी पुसत राहिले.

आणि मामंजी जेवता जेवता कोसळले. सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी बसले, छातीवर चार दाब दिले आणि नाडी बघायला थांबले. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबले. भाजी शिजली का म्हणून सारखं झाकण उघडावं, तसं चाललं होतं माझं. त्यात बरगडी मोडेल या भीतीने हात हलके.

तू म्हणालीस, "ताई, सरका."

सगळ्यांसमोर! 'जरा बाजूला होता का' नाही, 'सरका'. मग अँब्युलन्स येईपर्यंत तू थांबली नाहीस. मी भिंतीला टेकून तुझे ताठ कोपर बघत होते. देवाला विनवत होते, मामंजींना वाचव. आणि त्याच दमात, शप्पथ सांगते, मनात आलं होतं, पण हिच्या हातून नको.

ते वाचले. आता आल्यागेल्याला दुखरी बरगडी दागिन्यासारखी दाखवतात, "ही आमच्या धाकटीची खूण." मला ते ऐकवेना, म्हणून मी इकडे आले.

काल इथल्या वर्गाला गेले. रबरी पुतळ्यावर दाबता दाबता घाम फुटला. शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, दमलं की दाब उथळ होतो. शेजारच्याने लगेच म्हणायचं, सरका. यात मानापमान नसतो." मी पुतळ्यावर हात ठेवून तशीच बसले.

कारण मी दमले नव्हते गं. चुकत होते. ते तुला दिसलं होतं, आणि तरी तू घरभर सांगितलंस, "ताई दमल्या म्हणून मी बसले." जळायला निदान तुझा तोरा तरी हवा होता मला. तोही तू दाखवला नाहीस, आणि आता त्याचाच हेवा वाटतोय.

रविवारी येते. ती फ्रेम उतरवून ठेव. माझी जळजळ गेली असं मुळीच समजू नकोस; मामंजींनी एकदा माझ्याकडे पाणी मागू दे, मग बघू. पण तशी वेळ पुन्हा आलीच, तर तूच आधी बस. दमलीस की मी म्हणेन, "सरक." आता मला ते म्हणता येईल.

तुझी,
डोकं सरकलेली थोरली जाऊ