कॉम्प्युटरला फुटलेले कान

तलवाडा, २७ सप्टेंबर २०२५

ती. केदारदादास,
रुद्राणीचे सादर शरणार्थ वि. वि.

तुझं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि बहीण लिहिते कागदावर, म्हणून हसू नकोस. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेलं दुसऱ्याच्या घरी वाचलं जातंय.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुक्ताबाईला मुकादमानं फडावरच्या खोपीत कोंडून मारलं. मुकादमाविरुद्धच्या चौदा ऑक्टोबरच्या सुनावणीसाठी तिची हकिकत मी टाइप केली. कुणाला दाखवली नव्हती. तरी मुकादम तिच्या दारात उभा राहिला आणि माझी वाक्यं त्यानं तिला जशीच्या तशी ऐकवली. आता ती साक्ष न्हाई देत म्हणते. गाव म्हणतं, रुद्राणीबाई फितूर झाली.

पासवर्ड माझ्याशिवाय फक्त ह्यांना ठाऊक. मी नवऱ्याला नको ते बोलले. तेव्हापासून हे शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपटातच निजतात, पाठवलेला डबाही परत येतो.

तिच्याच टोळीतल्या छबुबाईची साक्ष अजून त्याच मशीनमध्ये आहे, दादा. मुकादम तिच्यापर्यंत पोचायच्या आत काहीतरी सांग.

माया आहेच, या वेळी घाईही असू दे.
रुद्राणी


माजलगाव, १ ऑक्टोबर

चि. सौ. रुद्राणीस,
अ. उ. आ.

सभा गाजवणाऱ्या बाईचं एक डबडं ऐकेना, म्हणून आधी हसलो. पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो.

आधी इंटरनेटची वायर उपट. कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागतो का, काही चालू नसताना मशीन घरघरतं का, बघ. चालू प्रोग्रामांत तू न टाकलेलं नाव दिसलं तर त्याचा फोटो काढ. पोलिसांना पुरावा लागेल, म्हणून लगेच पुसू नकोस. मेलचा पासवर्ड बदल, पण दुसऱ्याच मशीनवरून. रविवारी येतो. साक्षी आणि पुरावा तेवढे बाजूला काढून मशीन पार कोरं करू.

असलं हेर सॉफ्टवेअर भिंतीतून शिरत नाही, कुणीतरी दार उघडतं. कुणाची फाइल उघडलीस ते आठव. तोवर दाजींना दोष देऊ नकोस.

आमचा जीव तुझ्यात आहे, वेळेवर जेवत जा.
केदार


तलवाडा, १० ऑक्टोबर

ती. दादास,
सा. शरणार्थ.

तू मशीन कोरं करून गेलास आणि मला आठवलं. ती फाइल म्हणजे लग्नाची पत्रिका होती. पाठवणारा अनोळखी, पण मला अनोळखी घरांतूनच आमंत्रणं येतात, आणि पत्रिका न उघडणं म्हणजे त्या घराचा अपमान. ह्यांनी तेव्हाच म्हटलं होतं, पितृपक्षात कोण लग्न करतंय, कायतरी घोळ हाय. आणि मुहूर्त मोडीत काढा म्हणून गावोगाव गरजणाऱ्या मी ह्यांना अंधश्रद्धेवर तासभर झोडपलं, वर कौतुकानं पत्रिका पुन्हा उघडली. ती तारीख घालणाऱ्यानं माझी भाषणं फार नीट ऐकली असणार.

आखाड्यावर जाऊन ह्यांना सगळं सांगितलं. नेलेली भाकर ह्यांनी खाल्ली.

तोडीच्या टोळ्या एरवी दिवाळीनंतर निघतात. मुक्ताबाईला मुकादमानं कालच ट्रॅक्टरमध्ये घालून नेलं. मी हाका मारत मागे धावले. तिनं पदरात तोंड लपवलं. मशीन पुसता आलं, दादा, तिच्या दारात वाचली गेलेली माझी वाक्यं कशानं पुसू?

छबुबाई सुनावणीला येते म्हणाली. अट एकच. ती तिच्या तोंडानं सांगेल. रुद्राणीबाईनं लिहायचं न्हाई, मधी बोलायचं न्हाई, नुसतं शेजारी बसायचं. मी कबूल केलंय. चौदा तारखेला कुणी माझा आवाज ऐकणार नाही.

होता तेवढाच लोभ राहू दे.
रुद्राणी