हबवरचा पिवळा ठिपका

५ जानेवारी, सोमवार

पुन्हा तेच! म्हणे फोर-व्हील लागलंच नाही. पायल दहा वाजता चिखलाने माखून घरी आली. जीप ट्रॅक्टर लावून ओढावी लागली. पाटनच्या पुढे हिरन नदीचा रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, ओलांडला की चढ आहे, मटारच्या शेतांचं पाणी सतत त्यावर उतरत असतं. तिथे मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि पुढची— "बाबा, हिली तक नहीं! सच में!"

माझी पोरगी डेअरीत कंत्राटावर आहे. गावोगाव जाऊन गाईंना कृत्रिम रेतन करते. गाय माजावर आली की वेळ गाठावी लागते. टळली तर पुढचे तीन आठवडे हात चोळत बसा, आणि शेतकरी डेअरीत जाऊन बोंब मारणार ते वेगळंच. म्हणून ती सकाळी सहाला निघते. म्हणूनच तर मी ही जुनी जीप घेतली, दिवाळीनंतर महिनाभर अंगणात पसरून स्वतःच्या हाताने उघडली आणि जोडली! एकतीस वर्षं रिछाईच्या जीपच्या कारखान्यात इन्स्पेक्शन केलं आहे मी. या गुलाबरावाने पास केलेली गाडी लागत नाही? ऐकून घ्यायचं तरी किती!

६ जानेवारी, मंगळवार

जेवण झाल्यावर, तीनच्या सुमारास, स्वतः घेऊन गेलो. नाल्याकाठी चिखल होताच. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध हब आहेत, त्यांचे खटके "फ्री"वरून "लॉक"वर फिरवले— ते फिरवल्याशिवाय नुसता फोर-व्हीलचा लिव्हर ओढून पुढची चाकं ओढत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. मग लिव्हर ओढला. चारही चाकं निमूट ओढायला लागली! एकदा नाही, चार वेळा!

घरी येऊन पोरीला सांगितलं, नाचता येईना अंगण वाकडं. खटके नीट फिरवले नसतील. ती ताटावरून उठली.

तिची आई, भीमाबाई, माझ्यावरच उखडली. "काहून बोलता हो असं? पहाटेपासून राबून राहिली ती!"

मी काय खोटं बोललो?

८ जानेवारी, गुरुवार

आज दुसरी गाय चुकली. पायल शपथेवर सांगते की खटके लॉकवर होते, मोबाइलवर फोटोही काढून आणला आहे. फोटोत लॉकच दिसतं. डेअरीच्या मॅनेजरने तिला सगळ्यांसमोर बजावलं— "अगली बार चूकी तो कॉन्ट्रॅक्ट खतम, मैडम." सगळ्यांसमोर! एमए झालेल्या, पुन्हा वर रेतनाचा कोर्स केलेल्या मुलीला!

मी दिवसभर गाडीखाली होतो. गिअरबॉक्सचं तेल बदललं. लिव्हरचा सांधा सैल वाटला, आवळला. पुढच्या चाकांकडे जाणारा मोठा दांडा फिरतो का पाहिलं— फिरतो. पाठ धरली. दुपारी पुन्हा चिखलात नेली. पुन्हा ठणठणीत! आता काय गाडीच्या पाया पडू?

९ जानेवारी, शुक्रवार

आज लागलं म्हणे. अकरा वाजता गेली होती, ऊन चढल्यावर. मी म्हणतोच आहे, गाडीत काही नाही.

१० जानेवारी, शनिवार

संताप, संताप! पायल मला न विचारता गाडी गणपतकडे घेऊन गेली. गणपतकडे! पाटन रोडवर पत्र्याचं गॅरेज टाकून बसला आहे तो. एके काळी माझ्या हाताखाली फिटर होता. त्याने जोडलेल्या तीन जीपा परत आल्या, फोर-व्हील लागत नाही म्हणून. मी रिपोर्ट लिहिला, त्याची नोकरी गेली. वाईट वाटलं होतं, पण काम ते काम. आणि आता माझी गाडी त्याने तपासायची?

आणि सांगितलं काय त्याने? "हब खोलून पाहा लागते." माझे हब! त्यांच्यावर माझा पिवळा ठिपका आहे. आमच्या कारखान्यात इन्स्पेक्टरने तपासलेल्या बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका पडला की त्याला पाना लावायची कोणाची छाती नव्हती. आधी इन्स्पेक्टरला विचारायचं. ती सवय त्याला अजून आहे म्हणायची. ठिपका पाहिला आणि पाना खाली ठेवला. "साहेबाइले विचारून या," म्हणाला पायलला.

विचारलं तिने. नाही म्हणजे नाही!

१२ जानेवारी, सोमवार

"बाबा, मी खोलू का? मला येतं. यूट्यूबवर पाहिलंय."

यूट्यूबवर! मी पाना तिच्या हातातून घेतला आणि पेटीत टाकून पेटीला कुलूप लावलं. भीमाबाई चुलीपाशी— म्हणजे गॅसपाशी— पुटपुटत होती, "ठिपका म्हंजे का काळ्या दगडावरची रेघ आहे का?"

हो. आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

तिसरी चुकली. धुकं होतं, हात काकडत होते, ट्रॅक्टरवालाही आला नाही. पायल घरी आली ती सरळ जाऊन झोपली.

१४ जानेवारी, बुधवार

कंत्राट तोडण्याआधी डेअरीने गाडी तपासायला माणूस पाठवला. आला कधी? दुपारी दोन वाजता! ढेकर देत! नाल्याकाठच्या चिखलात एक चक्कर मारली, चारही चाकं ओढली, झालं. बोनेटवर कागद ठेवून तिथेच लिहून दिलं— "वाहन ठीक है। कर्मचारी की लापरवाही।"

लापरवाही! माझ्या पोरीची! अरे, ती अडकते सकाळी सात वाजता, थंडीत, तू तेव्हा ये ना! दुपारच्या उन्हात गाडी बघायची आणि सकाळच्या माणसावर ठपका ठेवायचा? कुठली ही तपासणी? ज्याचं पोट जाणार आहे त्याला एक शब्द विचारायचा नाही, वेळ पाहायची नाही, आणि सही ठोकून मोकळं व्हायचं! असल्या माणसाला तर

(इथे थांबलो होतो. चहा घेऊन पुन्हा बसलो आहे.)

मीही दुपारीच पाहिली. प्रत्येक वेळी दुपारीच.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी साडेसहाला अंगणात गेलो. स्वेटर, मफलर, तरी दात वाजत होते. पुढचं चाक जॅकवर उचललं, खटका लॉकवर फिरवला, चाक हाताने ढकललं. हब खरोखर लॉक झाला असेल तर चाकाबरोबर आतला दांडाही फिरायला हवा. चाक एकटंच फिरलं. दांडा जागचा हलला नाही.

दुसरं चाक पाहिलं. तेच.

पेटीचं कुलूप काढलं आणि पायलला हाक मारली. पाना तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग नखाने ठिपका खरवडला आणि बोल्ट सैल केले. झाकण निघालं. आत ग्रीस. काठोकाठ, थिजलेल्या डालड्यासारखं. खटका फिरला की आतली कडी सरकून दांड्याला धरते. ती कडी त्या ग्रीसमध्ये रुतून बसली होती. ऊन लागलं की ग्रीस मऊ होतं आणि कडी सरकते. म्हणून दुपारी सगळं ठीक!

ते ग्रीस मीच भरलं. कारखान्यातून आणलेल्या डब्यातलं, जाड, गोदामात वर्षभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना भरायचो ते. पोरीच्या गाडीला काही कमी पडू नये म्हणून बोटाने दाबून दाबून भरलं होतं. वर ठिपका दिला.

रॉकेलने धुतलं. नवं पातळ ग्रीस, नुसता हात फिरवल्याइतकं. खटका फिरवला तसा आत टक् आवाज झाला. दांडा फिरला.

"हो गया, बाबा," पायल म्हणाली. बस्स, एवढंच. काही तरी बोलायला हवं होतं तिने. मी तिची माफी मागितली. पोटच्या पोरीची माफी मागताना जीभ किती जड होते! ती म्हणाली, "चाय पिओगे?"

१६ जानेवारी, शुक्रवार

डेअरीला पत्र लिहिलं. हिंदीत, स्वच्छ अक्षरात: दोष मेरा है, कर्मचारी का नहीं. खाली सही, नाव, हुद्दा— निवृत्त इन्स्पेक्टर. मॅनेजरच्या टेबलावर स्वतः ठेवलं आणि सांगितलं, आता माणूस पाठवायचा तर सकाळी सातला पाठव. चढाव चढूनच आला पाहिजे तो.

येताना डोक्यात दुसरंच चालू होतं. गणपतच्या त्या तीन जीपा. पहाडात रस्ता बांधणाऱ्या एका ठेकेदाराच्या होत्या. महिना जानेवारी. तक्रार हीच— सकाळी लागत नाही. ट्रकवर चढवून इथे आणल्या, मी तपासल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर. तिन्ही ठीक! मी लिहिलं, फिटर की लापरवाही. अक्षरशः हेच शब्द. आणि हब काठोकाठ भरायचे हा नियम माझा. भिंतीवर लावला होता मी.

वीस वर्षं झाली.

पण मग गणपत तरी काहून गप्प बसला? तोंड नव्हतं का त्याला? तिथल्या तिथे सांगितलं असतं, साहेब ग्रीस बघा, तर मी काय त्याला खाल्लं असतं? माणसाने आपल्या नोकरीसाठी एवढंही करू नये? त्याचाही राग येतो आहे. येतोच आहे.

१७ जानेवारी, शनिवार

डेअरीचा माणूस खरंच सातला आला. दोघं चढ चढून गेले. पायलचं कंत्राट राहिलं. भीमाबाईने गोड शिरा केला.

मला काही तो गोड लागला नाही.

१८ जानेवारी, रविवार

गणपतकडे गेलो. जयभीम घातला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ग्रीस माझं, नियम माझा, रिपोर्ट खोटा. त्याने फडक्याला हात पुसले, माझ्यासाठी स्टूल सरकवलं.

"मले मालूम होतं, साहेब. तवाच कागदावर लिहून देल्लं होतं."

"कोणाला?"

"तुम्हालेच."