शांतीचा हात

प्रिय आई,

मामा शेवटच्या घटका मोजतोय, येऊन त्याला क्षमा कर, असं तू काल फोनवर म्हणालीस.

मी तिसरीत असताना त्यानं चर्चच्या ऑर्गनमागे माझ्याशी काय केलं, ते मी तुला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. "तोल गेला गं त्याचा. देवानं क्षमा करायला सांगितलंय," म्हणालीस. आवर त्यानं घालायचा होता, तोंड मात्र माझं बंद झालं. आणि रविवारी उपासनेत, सगळे 'शांती असो' म्हणत हात मिळवतात तेव्हा, माझं मनगट धरून तू माझा हात त्याच्या हातात दिलास. मग दर रविवारी.

इथल्या चर्चमध्ये 'शांती असो'च्या वेळी मी हात पाठीमागे घेते. पाळकबाईंच्या ते लक्षात आलं. त्या जवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "येशू कुणाचा हात बळजबरीनं धरत नाही, बाळा. तुझा तुझ्यापाशी राहू दे." मी बाकावर बसून ढसाढसा रडले.

मामाचं देव बघेल. मी येणार नाही, आणि हे तुला पाठवणारही नाही. मनगट तू धरलं होतंस, आई. तरी ताप आला की कपाळावर अजून तुझाच हात हवासा वाटतो.

तुझीच,
थोरली