अकरा पोती कागद

पिंपळझरी, ता. केळापूर
रविवार, ९ ऑक्टोबर १९६६

प्रिय धने,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट बाजूला टाकशील, अशी मला भीती आहे. टाकू नकोस. पाच वर्षांपूर्वी आपल्या शाळेने तुला दिलेला ठपका अजून तुझ्या सेवापुस्तकात आहे, आणि त्याच्यामुळे महागावच्या शाळेतही तुला वरची जागा मिळाली नाही, हे मला मागच्या महिन्यात कळलं. तुझ्या शाळेतले एक मास्तर इथे परीक्षेच्या कामाला आले होते, ते सहज बोलून गेले. तेव्हापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. त्या ठपक्याबद्दलच लिहायचं आहे, पण एकदम तिथे यायची माझ्यात हिंमत नाही. तू मला ओळखतेस, साधं गणित सोडवायचं तरी मी आधी समास आखत बसते.

तर आधी शाळेची खबर. तू गेलीस तेव्हा अडीचशे मुलं होती, आता चारशे बारा आहेत. जिनिंगच्या जुन्या शेडला लागून सहा खोल्या झाल्या, मागे वसतिगृह झालं, आणि कडुलिंबाखाली आपण डबे खायचो तिथे आता स्वयंपाकघराचं धुराडं आहे. लालीबाई अजून आहे. सव्वाशे पोरांच्या भाकरी थापते आणि वर तुझी आठवण काढते. एवढी मुलं म्हटल्यावर कचरा किती होतो याचा हिशेब समितीत कोणालाच सुचला नव्हता. रोज दोन वेळच्या पळसाच्या पत्रावळी, भाजीची देठं, चुलीची राख, फुटक्या पाट्या, शाईच्या बाटल्या, मोडके टाक, कंदिलाच्या काचा आणि कागद. कागद तर विचारूच नकोस. पूर्वी पाटीवर लिहून पुसणारी पोरं आता पहिलीपासून वही मागतात.

तू घालून दिलेले कचऱ्याचे खड्डे समितीने बुजवल्यावर आम्ही काय काय केलं ते ऐकून तू हसशील. आधी सगळं नाल्यात टाकलं. गावची ढोरं पत्रावळी खायला आली आणि नेमसिंगच्या गाईच्या तोंडात काच घुसली, तेव्हा तो भांडायला आला, आणि त्याचं खरंच होतं. मग जाळायला लागलो. दक्षिणेचा वारा सुटला की सगळा धूर सातवीच्या वर्गात. मी भूमिती शिकवायची आणि पोरं खोकायची. गेल्या पावसाळ्यात वसतिगृहामागे नुसता ढीग झाला, माशांनी स्वयंपाकघर व्यापलं आणि अकरा पोरं जुलाबाने आडवी पडली. सगळी बरी झाली. पण त्या आठवड्यात लालीबाई परातीत पीठ तसंच टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मोठ्या बाई, धनीबाई असती तं असं झालं असतं काय? तिले काहून जाऊ देलं तुमी?"

धने, तुला आठवतं ना, पहिल्या वर्षी आपल्याकडे सत्तेचाळीस मुलं होती आणि कचरा म्हणजे वाऱ्याने येऊन दाराशी पडलेला कापूस. आपण दोघीच मास्तरणी, एका खोलीत राहायचो, एकाच स्टोव्हवर तुझं पिठलं आणि माझा खिमा पाळीपाळीने शिजायचा. मग मुलं वाढली आणि तू पदर खोचून शेडमागे दोन खड्डे खणून घेतलेस. तुमच्या तांड्यावर घराला दोन उकिरडे असतात, एक भरला की शेणमातीने बंद आणि दुसरा चालू, हे तुझ्या बाबांनी, हरिसिंगकाकांनी, स्वतः येऊन दाखवलं होतं. तिसरा लहान खड्डा काच-पत्र्याचा. पोरांना रांगेत उभं करून तू सांगायचीस, "जे कुजते ते इकडं, जे कुजत नाही ते तिकडं, अन् ज्याले समजत नाही त्यानं मले इचारावं." दुसऱ्या वर्षी त्या खताची वांगी इतकी लागली की समितीचे अध्यक्ष फुलचंदजी टोपलीभर घरी घेऊन गेले. मी तुला 'उकिरडेवाली बाई' म्हणून चिडवायचे आणि तू मला 'समासवाली'.

तुझ्या खड्ड्याशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. लिहिलेला कागद शेणात टाकायचा, हे माझ्या हाताला जमेना. माझ्या आईला तू पाहिलं आहेस. हजराबी अंगठा उठवते, पण रस्त्यात कागदाचा कपटा दिसला की वाकून उचलते, डोळ्यांना लावते आणि भिंतीच्या फटीत खोचते. कोणत्या भाषेतला आहे हे तिला कळत नाही, म्हणून तर ती सगळेच उचलते. कोण जाणे कुठल्या कपट्यावर अल्लाहचं नाव असेल. लहानपणी माझा पाय पुस्तकाला लागला की ती म्हणायची, "लिखा हुआ है बेटी, माथे से लगा." तू हे सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "जमे, कागद का आभायातून पडला? बांबूचा झाला, मातीत गेला तं बिघडलं काय?" मग माझं तोंड उतरलेलं पाहून तूच तोड काढलीस, की आधी बादलीत भिजवायचा, शाई सुटून अक्षर गेलं की मग खड्ड्यात टाकायचा. किती साधी गोष्ट होती. मी हो म्हटलं. आणि केलं नाही.

आता येते तिथे. कागदाचं काम तू माझ्यावर सोपवलंस आणि पुन्हा कधी पाहायला आली नाहीस, इतका तुझा माझ्यावर भरवसा होता. मी बादलीच्या भानगडीत पडलेच नाही. पाण्यात तरंगणारी पोरांची अक्षरंही मला बघवली नसती, हे खरं, पण कंटाळाही होता, तोही खरा. मी कागद पोत्यांत भरत गेले. उन्हाळ्यात नेऊन वाहत्या पाण्यात सोडायचे असं ठरवलं. उन्हाळ्यात नदीला पाणी कुठलं? पावसाळ्यापर्यंत थांबले, तर पेरणीच्या दिवसांत गाडी कोण देणार? आईच्या घरी भिंतीच्या एका फटीत सगळा मोहल्ला मावतो. इथे पहिल्या वर्षी एक पिशवी होती, तिसऱ्या वर्षी अकरा पोती झाली. नकाशांच्या खोलीमागे ती अडगळीची बोळकांडी आहे ना, तिची किल्ली माझ्याकडे असायची. तिथे मी ती छतापर्यंत रचली. ओल्या भिंतीला टेकवून.

एवढं वाचून पुढचं तुला कळलंच असेल, तरी लिहिते. वाळवी तुझ्या खड्ड्यातून आली नव्हती. ती माझ्या पोत्यांत वाढली. तिथून भिंतीत गेली, भिंतीतून नकाशांच्या कपाटात आणि तिथून आढ्यात. त्या रविवारी नकाशांच्या खोलीचं आढं कोसळलं तेव्हा बळीराम शिपाई धावत मला बोलवायला आला होता. समितीची माणसं यायच्या आधी मी बोळकांडीचं दार उघडलं. पोती पोत्यासारखी दिसत होती, हात लावला तर आत सगळी माती. मी दार लावलं, कुलूप घातलं आणि बळीरामला सांगितलं की आत मोडकी बाकं आहेत, उघडायची गरज नाही. माझे हात मातीचे होते. ते मी पदराला पुसले, हे मला अजून दिसतं.

सभेत चिटणीस रामलालजी म्हणाले की, तीस पावलांवर कचऱ्याचा खड्डा असल्यावर दुसरं काय होणार. तू म्हणालीस की तुझ्या खड्ड्यात रोज शेणाचं पाणी पडतं, ओल्या कुजलेल्यात वाळवी राहत नाही, हवं तर आत्ता उकरून दाखवते. कोणी उठलं नाही. मग तू माझ्याकडे पाहिलंस. मी सांगावं म्हणून नाही, नुसतं 'हो, बाई खरं बोलते' एवढं म्हणावं म्हणून. मी वहीत समास आखत बसले होते. त्या सभेत मी तोंड उघडलं नाही, एवढंच तुला आजवर माहीत होतं आणि तेवढ्यावरच तू माझ्याशी बोलणं सोडलंस. धने, तू कमीच रागावलीस. मी गप्प बसले कारण दोष माझा होता. मुख्याध्यापिकेची जागा तुझी ठरलेली होती. तुला ठपका मिळाला, तू महागावला गेलीस, आणि दोन वर्षांपूर्वी ती जागा मला मिळाली. मी ती घेतली. घेतली त्या दिवशी आईने पेढे वाटले आणि मला ताप भरला.

या पाच वर्षांत मी त्या बोळकांडीत वाळवी मारायला गॅमेक्सिनची पावडर टाकत राहिले आणि कुलूप कधी बदललं नाही. तुझ्या त्या मास्तरांचं बोलणं ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बळीरामला हाक मारली आणि दार उघडलं. अकरा पोत्यांची माती आम्ही दोघांनी घमेल्यांनी बाहेर काढली. शेवटचं घमेलं उपसल्यावर तो म्हणाला, "बाई, बाकं तं एकबी नाई निंगालं." वाईट ह्याचं वाटलं की तू सांगितलं होतंस तेच झालं होतं, कागदाची मातीच झाली होती, फक्त ती कोणाच्या वांग्यांना लागली नाही. मग तुझ्या मापाचे खड्डे पुन्हा खणले, यावेळी चार, कारण मुलं चारशे. दर शुक्रवारी शाळा सुटताना हौदात कागद भिजतो. माझ्या वर्गातली पोरंच ढवळतात आणि निळ्या पाण्यावरून भांडतात. माशा गेल्या. लालीबाई मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाही.

गेल्या गुरुवारी समितीची सभा झाली. मी उभी राहिले आणि आत्ता तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, मातीचे हात पदराला पुसल्यापर्यंत. रामलालजी लालबुंद झाले. फुलचंदजी काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "बाई, पाच सालं झाले. आता कायले उकरता?" मी म्हटलं, जिच्या नावावर ठपका आहे ती ही पाच सालं रोज मोजते आहे. मला रडू आलं, आवरलं नाही. ठराव झाला. तुझा ठपका रद्द झाल्याचं पत्र महागावला रजिस्टरने गेलं आहे, ते तुझ्या सेवापुस्तकात लागेल. ठपका आता माझ्या नावावर आहे आणि तो बरोबर जागी आहे. मुख्याध्यापिकेचा राजीनामा मी त्याच सभेत दिला. सहावी-सातवीचं गणित मात्र माझ्याकडे ठेवा म्हटलं, ते त्यांनी ठेवलं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. माफी मागायला नाही. ती तोंडाने मागायचाही मला अधिकार नाही आणि पत्राने तर मुळीच नाही. दिवाळीनंतर जागेची जाहिरात निघेल, तू अर्ज कर. मी इथे आहे म्हणून करणार नसशील तर तसं दोन ओळींत कळव, मी केळापूरच्या शाळेत बदली मागते. खोटं नाही, अर्ज लिहून ठेवला आहे. आणि एक. दप्तरातली तुझ्या ठपक्याची प्रत मी फुलचंदजींकडून मागून घेतली. रामलालजींच्या हाताचं ते गोल गोल अक्षर, मध्ये तुझं नाव. काल शनिवारी मुलं गेल्यावर मी हौदाशी बसले. सवयीने कागद आधी डोळ्यांना लावला, तुझं नाव होतं ना त्यावर. मग पाण्यात सोडला आणि बोटांनी ढवळत राहिले. रामलालजींची सही लगेच सुटली. तुझं नाव शाई जाड लागल्यामुळे बराच वेळ राहिलं, मीही बसून राहिले. अक्षर पुरतं गेल्यावर तो लगदा उचलून मी माझ्या हाताने पहिल्या खड्ड्यात ठेवला आणि वर शेणाचं पाणी घातलं. होळीला तो खड्डा उघडायचा आहे. वांग्याची रोपं लालीबाईने आत्ताच लावून ठेवली आहेत.

तुझीच,
जमिला