सहावी रास

बाबा, शनिवारी आमच्याकडे पत्ते होते. तुमची रमी नाही, पोकर. नवऱ्याचे तीन मित्र येणार होते, त्यातल्या एकाने खेळायच्या रंगीत चकत्यांची पेटी आदल्या दिवशीच पाठवली होती. तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडेच असते, वर्तकनगरला. मी भाजी घेऊन येते तो काय, आईने सगळ्या चकत्या साबणाच्या पाण्यात धुऊन गॅलरीत जुन्या साडीवर वाळत घातलेल्या. "कुणाकुणाचे हात लागलेत, कोण जाणे," म्हणाली. आकड्यांचे स्टिकर पाण्यात निघून गेले होते. मला रागही आला आणि हसूही.

मग आम्ही दोघी रंग वेगळे करत बसलो, मी तिला पोकरचे नियमही सांगितले. टेबलावर जाड चादर, दोन नवे कॅट, खायला खारे शेंगदाणे. चकली नको, पत्त्यांना तेल लागतं. "तुझ्या बाबांना चकलीच लागायची," आई म्हणाली. डोंबिवलीच्या घरी गणपतीच्या जागरणाला तुम्ही सगळे सतरंजीवर बसायचात आणि आई चहाचा ट्रे घेऊन मागे उभी असायची. एकदा मी पत्ते उचलले, तर तुम्ही म्हणालात, "ठेव ते. आईला कप उचलू लाग." आवाज चढवला नव्हतात, तुम्हाला त्यात काही वावगं वाटलंच नसावं. आईला डाव कळायचा, हे मला तिच्या डोळ्यांवरून दिसायचं. या वेळी ती खेळायला बसावी, एवढंच मला हवं होतं.

"आता कुठल्या रंगाची किंमत काय धरायची?" मी विचारलं.

"लाल सगळ्यात मोठी, मग हिरवी. पांढरी चिल्लर." आईने ठरवून टाकलं. मी सहा सारख्या राशी लावल्या.

संध्याकाळी सहावी रास आपल्यासाठी आहे हे बघून ती उठलीच. "तुम्ही चालू द्या, मी चहा टाकते."

"काकू, चहा राहू दे," पेटीवाला मित्र म्हणाला. "आकडे तुम्ही धुतलेत, आता रंग कोण सांगणार? बसा बघू."

आई पदर खोचून बसते. तीन-चार डाव गप्प खेळते. मग एकदम सगळ्या लाल चकत्या पुढे सरकवते, चेहरा अगदी कोरा. हिचे पत्ते भारी असणार म्हणून सगळे घाबरून आपले पत्ते टाकतात. ती आपले पत्ते उलटून दाखवते, हातात काहीच नसतं, आणि इतकी हसते की ठसका लागतो. चहा शेवटी मी केला, तो पांचट झाला.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून लिहिते. तुमच्यावर माझा जीव होता, अजून आहे. पण आई हसत होती तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात, याचं मला बरं वाटलं.