हळदीच्या गाण्यातलं नाव

आदिलाबाद, रविवार, दिवेलागणीनंतर

जीव थाऱ्यावर नाही. तलावाकाठच्या बागेत रविवारी स्टेजवर कोणालाही गाता येतं. आईला मीच नेलं. म्हटलं, लग्नघरी गाते ती हळदीची गाणी एकदा सगळ्या गावानं ऐकावी.

माईक हातात घेऊन ती उभी राहिली. मग तिथूनच मला विचारते, "हळद कोनाची हाय? नवरीचं नाव नाई तं गाऊ कसं?"

"कोनाचंही घे ना, आई!"

तिनं माझंच घेतलं. सुनंदा, सुनंदा... भोंग्यातून सगळ्या तलावावर. समोरच्या बाकावर माझ्या ऑफिसातल्या बाया. लग्न करणार नाही, हे त्यांना मी किती वेळा ठासून सांगितलेलं! त्या टाळ्या वाजवून राह्यल्या अन् मी मान खाली घालून बसले.

ऑटोत चिडून विचारलं, "माझंच नाव काऊन?"

ती बाहेर पाहत म्हणाली, "तुह्या हळदीसाठीच राखून ठेवलं होतं ते गानं. आता कवा गाऊ? आज गाऊन घेतलं."

म्हणजे तिनं माझं म्हणणं शेवटी मान्य केलं. इतकी वर्षं हेच तर मागत होते मी.

मग सुनंदा, घास काऊन उतरत नाही तुझा?