बोट येईपर्यंत

चिसी बेट,
९ ऑगस्ट १९९५

प्रिय अक्कास,
प्रभूच्या नावाने सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि साबणाच्या वड्या पलीकडच्या काठावरच्या, काचुलूच्या मासळीवाल्याबरोबर पोचल्या. एक वडी त्याने वाटेत वापरली असावी, कारण त्याच्या अंगाला तुझ्या कपाटाचा वास येत होता. हल्ली त्याला इथून न्यायला मासळी मिळत नाही, साबण तरी मिळू दे.

तळं यंदा फार मागे गेलंय. धक्क्यावरून उतरून पाण्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि उरलंय ते इतकं खारट की मासे पोट वर करून तरंगतात. जुनी माणसं म्हणतात, चिल्वा तळं असं मधूनमधून मरतं आणि परत उठतं. कोळ्यांची काही घरं मालोम्बे तळ्याकडे जायचं म्हणत होती. पण गेल्या रविवारी उपासनेत मी बातमी सांगितली, की स्कॉटलंडच्या चर्चच्या मंडळीने आपल्या दवाखान्यासाठी बोट बांधली आहे, ती जहाजावर चढली आहे आणि ऑक्टोबरात पोचेल. अडलेल्या बाईला आता उघड्या डोंगीतून न्यायला नको. अक्का, लोक उठून नाचले. जाणारी घरं थांबली. इतकी वर्षं पाळक आहे, पण माझ्या शब्दाने कुणी थांबल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुझी भावजय एलुबे बरी आहे. तुला सलाम सांगते आणि तुझ्या विद्यार्थ्यांची दया येते म्हणते.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा भाऊ,
लेटन


झोम्बा,
२७ ऑगस्ट १९९५

चि. लेटनला, अ. उ. आ.

पत्र पावलं. तुझ्या शब्दाने कुणी थांबत नाही हे खोटं. लहानपणी तू बोलायला लागलास की आई मक्याच्या पिठाचा न्सिमा घाटायची थांबून डोकं धरून बसायची.

आता कामाचं. शाळा सुटल्यावर मी मिशनच्या कचेरीत गेले. सचिवांना विचारलं, तळ्यात पाणी राहिलेलं नाही हे स्कॉटलंडला कुणी कळवलं का. ते म्हणाले, बाई, बोट समुद्रात आहे, कळवलं म्हणून काय ती माघारी पोहत जाणार? शिवाय तिकडच्या म्हाताऱ्या बायकांनी केक विकून विकून ती उभी केलीय, त्यांचा हिरमोड कशाला करायचा. मग हळूच म्हणाले, की बेटावरच्या नर्सबाईंना सप्टेंबरअखेर दुसरीकडे पाठवणार आहेत, कारण बोट आली की रोगीच काठावर आणता येतील. मी विचारलं, आणि बोट चालणार कशावर? ते टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

लेटन, पाऊस लागेपर्यंत तू आणि एलुबे माझ्याकडे या. तुझे भाऊजी वारल्यापासून मागच्या खोलीत फक्त भोपळे असतात, आणि त्यांच्याशी गप्पा होत नाहीत. तू म्हणशील, मंडळीचं काय. मंडळीला पाय आहेत. तुझी छाती मात्र लहानपणापासून कशी आहे ते मला ठाऊक आहे.

उत्तर लवकर पाठव. आशीर्वाद आहेतच, आज्ञाही आहे.
तुझी अक्का,
डायलेसी


चिसी,
३० सप्टेंबर १९९५

ति. वन्संस, कृ. सा. न. वि. वि.

मला ह्यांच्यासारखं लिहिता येत नाही. चुका सापडल्या तर लाल शाईने सुधारून परत पाठवू नका.

तुम्ही बोलावलंत म्हणून मी विषय काढला. हे म्हणाले, मेंढपाळ आधी निघाला तर मेंढरांनी काय समजायचं? मी म्हटलं, मेंढरं पाण्याच्या वासाने चालतात, एकदा त्यांनाच विचारून बघा. त्यावर जेवण होईपर्यंत तोंड वाकडं होतं. जेवण म्हणजे न्सिमा आणि मीठ. मासळी आता आठवणीतच खायची.

नर्सबाई गेल्या. रडत गेल्या बिचाऱ्या. दवाखान्याच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्यात, आणि आत मीठ-साखरेची पुडकी आहेत तेवढीच. लोक तळ्याच्या बुडात खड्डे खणून पाणी काढतात. ते पाणी पोटाला लागतंय. जुलाब-वांत्या सुरू झाल्यात, काही घरांतून माणसं गेलीसुद्धा. मी उकळा, उकळा म्हणून ओरडत फिरते. उकळायला लाकूड कुठलं, हे कुणी विचारत नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

चर्चच्या भिंतीच्या सावलीला अबिती जाफाली आजी बसते. ती मुसलमान. म्हणते, तुमचा देव तुमचा, माझा माझा, सावली तेवढी दोघांची. तिचा लेक जाफाली मला पाणी भरून देतो. बाकीच्या बायका रोज संध्याकाळी दारात येऊन विचारतात, पाळकबाई, बोट कधी येणार? आणि तुम्ही जाणार नाही ना? मी म्हणते, जायचं असतं तर कोंबड्या विकल्या नसत्या का? मग त्या हसतात आणि घरी जातात. त्यांना हसताना पाहून मला बरं वाटतं, वन्सं. इथे आता दुसरं काही देता येत नाही.

काडेपेट्या जमल्या तर पाठवा. लोभ असावाच, माझ्यावर थोडा जास्त असावा.
तुमची,
एलुबे


झोम्बा,
२२ ऑक्टोबर १९९५

चि. लेटन व चि. सौ. एलुबे यांना अ. उ. आ.

बोट बघून काचुलूहून परत आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. लेटन, तू चिखलातून चालत आलास तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता.

बोट सुंदर आहे, यात वाद नाही. ट्रकवरून ती निळी-पांढरी उतरली आणि चिखलात बसली. तू आशीर्वादाची प्रार्थना केलीस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

ती स्कॉटलंडची मिस लॉरिमर रात्रीला माझ्याकडे होती. म्हातारी चांगली आहे. माझ्यासारखीच शाळेत आयुष्य घालवलेली. तिने मला सांगितलं, की तिने बोटीच्या कडेवर बसून तुला विचारलं, आम्ही काय पाठवायला हवं होतं? तू म्हणालास, आमच्यासाठी प्रार्थना करा. ती म्हणाली, ती तर आम्ही करतोच आहोत, मी दुसरं काहीतरी विचारते आहे. तू बोटीवरचा चिखल पुसायला लागलास. ती माझ्या खाटेवर बसून रडली. मी तिला चहा दिला, आणि खरं सांगते, मला तिचा रागही येईना.

आणि तुझ्या माणसांनी बोट दोर लावून बेटाकडे ओढत नेली म्हणे, आपली बोट परक्या काठावर कशी ठेवायची म्हणून. कमाल आहे.

एलुबे, तू तरी ऐक. त्याला कानाला धरून आण. तो नाही आला तर तू एकटी ये. काडेपेट्या सोबत पाठवल्या आहेत.

वाट पाहते आहे, एवढंच लिहिते.
तुमची अक्का


चिसी,
१२ नोव्हेंबर १९९५

प्रिय अक्कास, सा. न.

एलुबे गुरुवारी गेली. निरोप काचुलूपर्यंत पोचवायला माणूस नव्हता, म्हणून तुला उशिरा कळतंय. मला माफ कर.

जाफालीला जुलाब-वांत्या झाल्या, त्याच्या उशाशी ती बसून होती. तो गेला. दुसऱ्या दिवशी हिला सुरू झालं. पुडकी संपली होती. शेवटचं तिने एका लहान मुलीला पाजलं होतं, हे मला नंतर समजलं. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले आणि बोटांची कातडी सुरकुतली. चिखलातून खाट नेता येत नाही, मांडीपर्यंत माणूस रुततो. म्हणून तिला आणि त्या मुलीला बोटीत घातलं, आणि उरल्यासुरल्या पुरुषांनी दोर खांद्याला लावले.

रेंदा होता तिथपर्यंत बोट सरकली. पुढे मध्यावर चिखल वाळून घट्ट झाला होता, तिथे ती अडकली. आम्ही सगळ्यांनी जोर लावला. एलुबे शुद्धीवर होती. म्हणाली, एवढी ओढाताण चाललीय, लग्नातसुद्धा मला कुणी इतकं मिरवलं नव्हतं. मग पाणी मागितलं. पाणी होतं ते मुलीला देऊन झालं होतं. मुलीच्या बापाने तिला पाठीशी बांधलं आणि तो एकटाच पुढे निघाला. हलकी होती म्हणून ती पोचली, जगली. एलुबे तिथेच गेली.

मग माणसांनी मला विचारलं, इकडे की तिकडे? मला काय विचारतायत तेच कळेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, बेट जवळ आहे. त्यांनी तिला खांद्यावर घेऊन माघारी आणलं. चर्चमागे ठेवलंय. मातीची प्रार्थना मलाच म्हणावी लागली, दुसरा पाळक नाही.

अजून लिहवत नाही.
तुझा,
लेटन


झोम्बा,
२१ नोव्हेंबर १९९५

चि. लेटन,

काय लिहू. मी तिला कानाला धरून आण म्हणाले होते, आणि ती गेली. काल तिच्यासाठी इथल्या बायका जमल्या, रात्रभर गायल्या. मी गायले नाही.

तू आता ये. कबरीसाठी थांबू नकोस. मातीला राखणदार लागत नाही, पोरा. कचेरीतही कळवलंय की बेटावरचं मिशनचं ठाणं बंद समजावं, सचिवांनी मान हलवली. ये, मी काही बोलणार नाही, उपदेश करणार नाही, नुसता ये.

तुझी अक्का


काचुलू,
११ डिसेंबर १९९५

प्रिय अक्कास, सा. न. वि. वि.

मी बेट सोडलं. हे पत्र धक्क्यावर बसून लिहितोय. पुढे जाणाऱ्या भाजीच्या ट्रकवाल्याकडे देतो, म्हणजे माझ्या आधी तुला मिळेल.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं होतं, की बेटावर एकही माणूस आहे तोवर निघायचं नाही. एलुबे गेल्यावर तर ते मला फार मोठं वाटत होतं. खड्ड्यावर पाण्याला गेलो, तिथे अबिती जाफाली आजी होती. तिने माझी घागर आधी भरली आणि विचारलं, तू कधी जाणार? मी माझा निश्चय सांगितला. ती म्हणाली, म्हणजे मग आमचं कुणाचंच जाणं होत नाही.

मला समजेना. तेव्हा ती म्हणाली, की लोकांना तुझ्यासमोरून निघायची लाज वाटते. तुझी बायको त्यांचं करता करता गेली, आता तुला एकट्याला टाकून कोणत्या तोंडाने जायचं? आणि त्याच्या आधी बोट होती. माझा जाफाली तर ऑगस्टातच निघाला होता. तुझी बातमी ऐकून आला आणि म्हणाला, आई, थांबू, पाळक म्हणतोय बोट येतेय. तो नमाजी होता, तरी तुझ्या शब्दावर थांबला.

हे तिने रागाने म्हटलं असतं तर मला झेपलं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली, आणि घागर माझ्या डोक्यावर चढवून दिली.

रविवारी मी सांगितलं, की मी उद्या निघतो. कुणी रडलं नाही, कुणी थांब म्हणालं नाही. पहाटे दार उघडलं तर सगळे अंगणात उभे होते, गाठोडी डोक्यावर घेऊन. गाठोड्यांवर धूळ होती. कधीपासून बांधून ठेवली होती कोण जाणे. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. कोंबड्यांची पिल्लं टोपलीत ओरडत होती, तेवढाच आवाज. आजी सगळ्यांच्या पुढे चालली. मी मागे राहिलो.

इथे पोचल्यावर ज्याने त्याने आपली वाट धरली. कुणी मालोम्बेकडे, कुणी चहाच्या मळ्यात मजुरीला, कुणी सीमेपलीकडे. त्या वाचलेल्या मुलीचा बाप माझ्याजवळ आला आणि विचारू लागला, पाळकबाबा, कुठे गेलेलं बरं? मी त्याला म्हटलं, मला माहीत नाही. तो नमस्कार करून गेला. आकाश अजून कोरडंच आहे.

उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे पोचेन. भोपळे हलवू नकोस, मला कोपरा पुरतो. एकच मागणं आहे. जेवायला बसू तेव्हा प्रार्थना मला म्हणायला सांगू नकोस. तू म्हण. मी ताटाकडे बघत बसेन, आणि जमलं तर आमेन म्हणेन.

तुझी माया मागायला आता तोंड नाही, तरी मागतो.
तुझा,
लेटन